वृंद शिकायला गेलो त्याची गोष्ट

मुंबईहून येऊन पंधरा दिवस झाले तरी माझं डोकं अजून बोटीतच आहे. जो भेटतो तो विचारतो, "काय मास्तर, मुंबई कशी?" मी "बरी आहे" म्हणतो आणि सटकतो. खरं सांगायचं तर मला मुंबई कळलीच नाही. जे शिकायला गेलो ते अर्धंमुर्धं शिकलो, जे शिकायचं मनात नव्हतं ते पुरतं शिकून आलो, आणि आता दोन्हींचं करायचं काय, हा घोळ घालत बसलोय. गावातल्या ज्यांनी अजून बोटीत पाय ठेवलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. त्यांना तरी काही उमगलं तर मला सांगावं.

मी मालवणच्या अलीकडच्या एका गावात शाळामास्तर. जातीने गुरव. आजा-पणजांनी देवळात चौघडा बडवला, मी शाळेत पेटी बडवतो. आमच्या शाळासमितीचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांनी वर्तमानपत्रात कुठेसं वाचलं की मुंबईत गिरण्यांच्या भागातली तरुण पोरंपोरी वृंद करून गातात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या गाण्यानं सुरू होतात. झालं! आपल्याही जत्रेला देवळाच्या मंडपात असा वृंद हवा, असं त्यांनी ठरवलं. "मास्तर, आठ दिवस जाऊन बघून या. आणि जाण्याआधी पोरं निवडून ठेवा."

मी अकरा पोरं निवडली. बारावं नाव मनात होतं ते लिहिलं नाही. गणूची सुमती, फायनलच्या, म्हणजे सातवीच्या वर्गातली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असा गळा मी ऐकला नाही. पण ती खालच्या वाडीतली, आणि त्या वाडीनं नुकताच बौद्ध धर्म घेतला. आबासाहेब म्हणाले, "ती माणसं आता आपल्या देवाला मानत नाहीत. मग आपल्या मंडपात कशाला?" मी म्हटलं, "बरोबर आहे." हे 'बरोबर आहे' माझ्या घशात खोकल्यासारखं बसलेलं आहे. नको तेव्हा येतं. सुमतीनं यादी वाचली आणि त्या दिवसापासून वर्गात गायची बंद झाली. कविता म्हणायची पाळी आली तरी नुसते ओठ हलवी.

लालबाग

भाऊच्या धक्क्यावर मावसभाऊ दत्ताराम घ्यायला आला होता. तो लालबागला चाळीत राहतो, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर काम करतो. साच्यांच्या आवाजानं त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलतो. मी दोन दिवस समजत होतो की माझ्यावर चिडलाय.

चाळीत पहिला गोंधळ जेवणाचा. आमच्याकडे मासे भरती-ओहोटी बघून जेवायचे, लालबागला पाळी बघून जेवतात. दत्ताराम पहिल्या पाळीहून आला की वहिनी बांगड्याचं तिखलं वाढते. शेजारचा तेव्हा तिसऱ्या पाळीला जाण्याआधी झोप काढत असतो, आणि पलीकडचा आंघोळ करत असतो. दिवसाचा कोणता प्रहर चालू आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "लाजू नकात, घेवा," म्हणत वहिनी वाढत राहिली आणि मी खात राहिलो. मसाल्यातलं तिरफळ गावचंच होतं, एवढा एक आधार.

त्यांची मुलगी नलू. एकोणीस वर्षांची, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात जाते. गावी यायची तेव्हा दाराआड लपायची, नाव विचारलं तर रडायची. आणि इथे बघतो तर काय! गॅलरीत उभी राहून खणखणीत आवाजात सांगतेय, "उद्या नळ पहाटे येणार आहे हो! मागाहून भांडू नका!" खालून कुणी पुरुष काही बोलला तर त्यालाही तिनं तिथल्या तिथं वाजवला.

"ही आपली नलू?" मी विचारलं.

"गाण्यात जावक लागल्यापासून अशी झाली," वहिनी म्हणाली. "पयली तोंडातून शब्द काढी नाय, आता गप म्हटला तरी रव्हत नाय." तक्रार होती की कौतुक, मला ठरवता आलं नाही. पण संध्याकाळी नलू तालमीतली ओळ गुणगुणायला लागली तेव्हा वहिनी आणि समोरची बाई जिन्यात शेजारी शेजारी येऊन बसल्या. त्या दोघींत नळावरून वर्षभर अबोला होता, हे मला दत्तारामनं ओरडून सांगितलं. त्या दोघींनीही ऐकलं. नलू गाते त्याच वृंदात समोरच्या बाईची मुलगीही गाते, आणि मी बघायला आलो तो वृंद हाच.

नायगाव

तालीम नायगावला, बीडीडी चाळींजवळच्या एका शाळेत. नलू गिरणीतून परस्पर जाणार होती, तेव्हा मी एकटा बसनं निघालो. वरच्या मजल्यावर बसलो, गंमत बघत राहिलो, आणि कंडक्टर म्हणाला, "अहो पाहुणे, शीव आलं! उतरा आता, गाडी पुढे नाही जात." परत चालत, विचारत, घामाघूम होऊन पोचलो तेव्हा तालीम रंगात आली होती.

तीसेक पोरंपोरी. वृंद चालवणाऱ्या जाधवबाई नायगावच्याच चाळीतल्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका, वय फार तर अठ्ठावीस. हातात पेटी नाही, छडी नाही, दोन बोटं वर केली की सगळे गप्प. गाणं त्यांचं स्वतःचं होतं: "हात किती रे हात किती, मोजू नका, धरा हात." चाल साधी, पोटातून येणारी. मी मांडीवर ताल धरला.

आणि दुसऱ्या कडव्याला घात झाला. मुली नीट गात होत्या, पण मागच्या रांगेतले मुलगे खाली घसरले. एकदा घसरले, दोनदा घसरले. मला राहवेना. मास्तर ना मी! उठलो आणि हात वर करून ओरडलो, "थांबा, थांबा! मागचे सगळे बेसूर झालेत!"

कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. नलूनं पदरात तोंड घातलं.

जाधवबाई हसल्या नाहीत. "मास्तर, ते चुकले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांची ओळ वेगळी आहे. मुली गातात ती वरची, हे गातात ती खालची. आमच्या फ्रान्सिसनं बसवलंय."

"एका गाण्याला दोन चाली?" मी म्हटलं. "मग खरी कुठली?"

"दोन्ही."

आता याला काय म्हणावं! माझ्या गुरुजींनी आयुष्यभर सांगितलं, सगळ्यांनी एका सुराला चिकटून राहायचं, इकडेतिकडे झालात तर थोबाडीत. आणि ही बाई म्हणते दोन्ही खरी. मी पुन्हा ऐकलं. चुकीचं वाटत होतं, आणि तरी थांबूही नये असं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटणं हा काय प्रकार, देव जाणे.

तालमीनंतर गाणी ठरवायची बैठक झाली. तिथे तर मी आणखी चक्रावलो. त्यांची एक रीत आहे. नवीन गाणं आलं की प्रत्येकानं सांगायचं, माझ्या तोंडात बसतं की नाही. एकानं जरी "हे मी म्हणणार नाही" म्हटलं तर गाणं बाद. कारण विचारायचं नाही. एका मुलानं गणपतीचं छानसं पद आणलं होतं. नायगावच्या दोघी म्हणाल्या, "आम्ही नाही म्हणणार." फ्रान्सिस म्हणाला, "मी पण नाही." पद बाद. फ्रान्सिसनं त्यांच्या नाताळचं गाणं सुचवलं, तेही बाद. कुणी रुसलं नाही.

"अशानं उरणार काय?" मी जाधवबाईंना विचारलं.

"उरतं त्यात तीन वर्षं गातोय की," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला घरी चहाला नेलं. बीडीडी चाळीतली एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पितळेचा लखलखीत हंडा. त्यांच्या आईनं कपबशी पुढे ठेवली. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी लगेच घेतली नाही. गावात खालच्या वाडीतलं पाणीसुद्धा कधी तोंडाला लागलं नव्हतं. हात उचलेना. मी मुंबईच्या हवेवर बोललो, बोटीवर बोललो, बस शीवला गेली ते सांगितलं. तोवर चहावर साय धरली. मायलेकी दोघी त्या कपाकडे बघत होत्या. शेवटी उचलला आणि एका दमात प्यायलो. गारढोण. वर कहर म्हणजे "छान झालाय" म्हणालो.

जाधवबाईंनी माझी यादी मागितली. अकरा नावं वाचून विचारलं, "यातला सगळ्यात बरा गळा कुणाचा?"

"सुमतीचा," मी बोलून गेलो.

त्यांनी यादीवरून पुन्हा बोट फिरवलं. "सुमती नाही यात."

मी म्हटलं, जत्रा आहे, मंडप आहे, समिती आहे, आबासाहेब आहेत. त्यांनी विचारलं, "कुठल्या वाडीतली?"

"खालच्या."

"म्हणजे आमच्यातली." त्यांनी यादीची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. "मास्तर, तुम्हाला गाणाऱ्यांची टोळी नकोय. तुम्हाला मंडपात शोभेची कुंडी हवीय. त्याला मुंबईला कशाला यायचं? गावातच कुंभार असेल."

मी "बरोबर आहे" म्हणालो. घ्या! तिथेही तोंडातून तेच आलं.

खोताची वाडी

दुसऱ्या दिवशी परतीची बोट बघावी असं वाटत होतं. पण फ्रान्सिस सकाळीच लालबागला हजर. "चला मास्तर, खालची ओळ काय असते ते मम्माकडून ऐका. मला सांगता येत नाही नीट."

गिरगावातली खोताची वाडी म्हणजे आमच्या गावची आळीच उचलून आणून ठेवलेली. लाकडी घरं, कठडे, अंगणात कुत्रं झोपलेलं. क्रूस नसते तर मी मालवणला पोचलो असंच समजलो असतो. फ्रान्सिसची आई देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पायपेटी वाजवते. नऊवारी नेसलेली, गळ्यात क्रूस, आणि मराठी आमच्यापेक्षा जुनं. "ये रे बाबा, बस," म्हणाली आणि पुढ्यात फुगे आणि बोंबलाचं कालवण ठेवलं. फुगे म्हणजे मैद्याचे गोल तळलेले, आत पोकळ. मसाला वेगळाच, बाटलीत भरून ठेवतात म्हणे. मी तिरफळ शोधत राहिलो, सापडलं नाही, आणि नसूनही कालवण उत्तम होतं. या वेळी चहाचा कपही लगेच उचलला. मग मनात आलं, हिच्याकडचा झटकन उचलला, कालचा का नाही? हिचाही देव वेगळा, जाधवबाईंचाही वेगळा. या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच ते बोंबलासारखं घशात अडकलं.

म्हातारीनं पेटी उघडली. फ्रान्सिसला वरची ओळ गायला लावली आणि स्वतः खालची धरली. "बघ, वरची ओळ पोरीसारखी पळते. खालची आईसारखी हात धरून चालते. आई पोरीबरोबर उड्या मारायला लागली तर दोघी पडतील." मला म्हणाली, "तू धर." मी धरली. दोन सूर नीट गेले आणि तिसऱ्याला मी वरच्या ओळीत जाऊन बसलो. पुन्हा. पुन्हा तेच. ती हसून हसून डोळे पुसायला लागली. "मेल्या, सवय आहे मोठ्यांच्या मागनं जायची!"

मी विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये कुणी कुठं उभं राहायचं हे कोण ठरवतं?"

"गळा," ती म्हणाली. "दुसरं कोण ठरवणार?"

परळ

शेवटचा दिवस सभेचा. परळच्या मैदानात पाय ठेवायला जागा नाही. गिरण्या सुटलेल्या, कपड्यांवर कापसाचा भुगा तसाच. वृंदातले मागच्या रांगेतले दोघे पाळी बदलल्यामुळे आलेच नाहीत. जाधवबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, उभे राहता?"

"मी? अहो, मी चुकेन!"

"चुका. नलूशेजारी उभे राहा."

नलूचा आवाज मुलींत सगळ्यात जाड, म्हणून ती मुलग्यांच्या रांगेला लागून उभी असते. माझ्याच घरातल्या बायकांनी लहानपणी तिला "घोगरी" म्हणून चिडवलेलं. सुरुवात झाली. मी पहिल्याच ओळीला वर पळालो. नलूनं कोपरानं ढोसलं. खाली आलो. पुन्हा पळालो, पुन्हा ढोसणी. आणि तेवढ्यात लाऊडस्पीकर खर्रकन बंद पडला.

मला वाटलं, संपलं. गावात असं झालं असतं तर आम्ही आधी वायरमनला शिव्या घातल्या असत्या. इथे कुणी थांबलंच नाही. जाधवबाईंची दोन बोटं तशीच वर, पोरांनी आवाज वाढवला, आणि पुढच्या रांगेतल्या गिरणीकामगारांनी ओळ उचलली, त्यांच्या मागच्यांनी, त्यांच्या मागच्यांनी. "मोजू नका, धरा हात." एवढ्या माणसांत वरची कुठली, खालची कुठली, मला काही कळेना. मी नलूचा आवाज शोधला, सापडला नाही. माझा स्वतःचा शोधला, तोही नाही. आणि तेव्हाच लक्षात आलं की नलूचं कोपर थांबलंय. म्हणजे मी नीट गात होतो. मला रडू फुटलं. आनंदानं की शरमेनं, ते मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांसमोर मात्र एकच होतं, नुसते ओठ हलवणारी सुमती.

गावी

परत आल्यावर तीन दिवस मी खालच्या वाडीत जायचं टाळलं. चौथ्या दिवशी गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्या वाडीतली किती पोरं माझ्या हाताखालून गेली, पण घर एकाचं पाहिलेलं नव्हतं.

वाटेतच गाणं ऐकू आलं. गणूच्या अंगणात दहाबारा पोरं दाटीवाटीनं बसलेली, मध्ये सुमती. आवाज मोकळा सोडलेला, तोच. ती शाळेत गायची थांबली होती, गायची थांबली नव्हती! आणि मी आपला तिच्या गळ्याची कीव करत बोटीत झोपलो नव्हतो. मला बघून सगळे गप्प झाले.

मी बोटीत पाठ केलेलं भाषण काढलं. "सुमती, मी चुकलो. तुझं नाव यादीत घातलंय. जत्रेला मंडपात वृंद गाणार, त्यात तू पुढे."

मला वाटलं पोर हरखेल. ती उठून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मास्तर, आमी देवळात गाणा म्हणूचव नाय. आमी ता सोडला."

गणू पडवीतून म्हणाला, "मास्तरांनू, वायट वाटून घेव नकात."

आता आली का पंचाईत! मी एवढं धैर्य गोळा करून दार उघडलं, आणि तिला त्या दारातून यायचंच नव्हतं. क्षणभर रागच आला. मग नायगावच्या त्या दोघी आठवल्या. कारण विचारायचं नाही.

"मग मंडप नको," मी म्हटलं. "शाळेच्या पटांगणात. सगळ्यांना म्हणता येतील अशीच गाणी. ज्याला जे म्हणायचं नाही ते बाद."

"आबासाहेब?" तिनं विचारलं.

मी आदल्याच दिवशी आबासाहेबांना सांगून आलो होतो की यादी बदलणार. ते म्हणाले, "मास्तर, मुंबईचं पाणी लागलं तुम्हाला. समितीची बैठक बोलावतो." बैठक अजून झालेली नाही. नोकरी राहील की जाईल, वरच्या आळीतल्या अकरा पोरांपैकी किती येतील, त्यांचे आईबाप काय म्हणतील, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. तेवढं मात्र मी तिला खरंखरं सांगितलं.

सुमती मागच्या पोरांकडे हात करून म्हणाली, "माका एकटीक, की सगळ्यांका?"

"समितीला विचारून सांगतो" हे वाक्य जिभेवर येऊन उभं होतं. गिळलं. "सगळ्यांना," मी म्हटलं.

ती वळली. "सरका रे जरा. मास्तरांका बसाक जागा करा."